कुणाचा पेहराव, कुणाचा टाका? : चिकाना कलेच्या अभ्यासातून बंजारा फेटियाकडे पाहताना

सोयाबीनची सोंगणी आटोपली, दिवाळीची सुट्टी संपली आणि आमचे एम.ए.चे वर्ग पुन्हा सुरू झाले, त्या आठवड्यातली ही गोष्ट. अमेरिकन साहित्याच्या अभ्यासाला जोड म्हणून मी चिकाना स्त्री-कलावंतांची काही चित्रे पडद्यावर दाखवत होते. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसली होती. एरवी ती फारशी बोलत नसे. शिलाई मशीनवर बसलेल्या, चष्मा लावलेल्या एका प्रौढ बाईचे चित्र पडद्यावर आले तेव्हा तिने विचारले, "मॅडम, ही बाई देवीचीच ओढणी शिवते आहे ना? म्हणजे देवीचे कपडेसुद्धा कुणीतरी शिवलेलेच असणार."

वर्ग हसला. मला हसू आले नाही आणि उत्तरही देता आले नाही. कारण याच मुलीला मी लघुप्रबंधासाठी विषय दिला होता, 'बंजारा स्त्रीच्या पारंपरिक वेशभूषेचे जतन'. त्या विषयात वेशभूषा होती, परंपरा होती, जतनही होते. शिवणारी बाई तेवढी नव्हती.

पुढचे वर्षभर त्या एका प्रश्नामागे आम्ही दोघी फिरलो. हजारो मैलांवरच्या, वेगळ्या धर्माच्या आणि वेगळ्या भाषेच्या बायकांनी काढलेली चित्रे वाशीम जिल्ह्यातल्या तांड्यावरच्या मुलीला नेमके काय देऊ शकतात, आणि काय देऊ शकत नाहीत, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

चिकाना म्हणजे कोण?

1848 साली मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातले युद्ध संपले आणि ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला. आजचे कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, नेवाडा, युटा असा प्रचंड मुलूख मेक्सिकोच्या हातून गेला. तिथे पिढ्यान्पिढ्या राहणारी माणसे होती तिथेच राहिली; सरहद्द मात्र त्यांच्यावरून पुढे सरकली. त्यांचे वंशज आणि नंतर मजुरीसाठी आलेले मेक्सिकन यांना अमेरिकेत दुय्यम मानले गेले. 1960 च्या दशकात याच समाजातल्या तरुणांनी, एरवी हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'चिकानो' हा शब्द अभिमानाने स्वतःला लावून घेतला. चिकाना हे त्याचे स्त्रीलिंगी रूप.

सरहद्दीने माणसांवरून पुढे सरकावे, हे वऱ्हाडातल्या वाचकाला नवे वाटू नये. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. शेजारचा हिंगोलीचा मुलूख निजामाकडेच राहिला. एकाच गोताचे तांडे दोन राजवटींत विभागले गेले. पुढे 1956 ची राज्यपुनर्रचना झाली आणि निजामाच्या मुलखाचेही तीन राज्यांत वाटप झाले. आज तोच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. गोत एक, बोली एक, देवी एक; कागद मात्र तीन. माझ्या विद्यार्थिनीची एक मावशी तेलंगणात दिली आहे. "मावसबहीण आणि मी एकाच ताटात जेवतो, पण सर्टिफिकिटावर आम्ही वेगवेगळ्या जमाती," असे ती म्हणाली. चिकाना कलेची ओळख करून देताना मी तासभर जे समजावत होते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

चिकानो चळवळ मुळात शेतमजुरांची. 1966 साली सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षमळ्यांतले मजूर डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेले, तेव्हा मोर्चाच्या पुढे ग्वादालुपेच्या कुमारी मातेची पताका होती. ही मेक्सिकोची मोठी देवता. 1531 साली हुआन दिएगो नावाच्या आदिवासी माणसाला तेपेयाकच्या टेकडीवर तिचे दर्शन झाले आणि त्याच्या अंगावरच्या जाड्याभरड्या वस्त्रावर तिची प्रतिमा उमटली, अशी श्रद्धा आहे. त्या टेकडीवर पूर्वी तोनांत्सिन या मूळ रहिवाशांच्या मातृदेवतेचे ठाणे होते असे मानतात. मूळची देवी, वरून चढवलेला नवा धर्म आणि या दोहोंना एकत्र सांभाळणारे लोक, ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही ग्रामदेवतेच्या भक्ताला लगेच समजेल.

चळवळीत बायका पुढे होत्या. डोलोरेस हुएर्ता यांनी तर चावेझ यांच्या बरोबरीने संघटना उभारली. पण बायकांनी घरातल्या आणि चळवळीतल्या पुरुषी वर्चस्वाबद्दल तोंड उघडले की त्यांना सांगितले जाई, 'हे गोऱ्या बायकांचे खूळ आहे, आधी समाजाचे बघा.' जास्त बोलणारीला 'मालिंचे' म्हणत. म्हणजे स्पॅनिश आक्रमक कोर्तेस याची दुभाषी झालेली, घर फितूर करणारी बाई. आपल्याकडेही हे घडले आहे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा सहभाग नोंदवायला 1989 साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहावे लागले. शीर्षकातल्या त्या 'ही'मध्ये सगळे आले.

तीन पिढ्या, तीन चित्रे

वर्गात ज्या चित्राने प्रश्न उभा केला ते योलांडा लोपेझ यांचे. लोपेझ यांचा जन्म 1942 मध्ये सॅन डिएगोत झाला आणि 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. 1978 साली त्यांनी ग्वादालुपेच्या प्रतिमेवर आधारलेली तीन चित्रे केली. मूळ प्रतिमेत देवी स्थिर उभी आहे. नजर खाली, हात जोडलेले, अंगावर ताऱ्यांची निळसर ओढणी, मागे किरणांचे वलय, पायाशी चंद्रकोर आणि ती पेलणारा छोटा देवदूत. लोपेझ यांनी वलय, ओढणी आणि देवदूत ठेवले आणि मधली देवी बदलली.

पहिल्या चित्रात त्या स्वतः आहेत. पायांत धावण्याचे बूट, एका हातात साप, दुसऱ्या हातात ताऱ्यांची ओढणी. देवदूताला ओलांडून त्या थेट आपल्याकडे धावत येतात. चेहऱ्यावर हसू आहे. त्या देवदूताच्या पंखांना अमेरिकेच्या झेंड्याचे रंग आहेत. दुसऱ्या चित्रात त्यांची आई शिलाई मशीनवर बसून ती ताऱ्यांची ओढणी शिवते आहे. आई प्रत्यक्षातही शिवणकाम करूनच घर चालवत होती. तिसऱ्या चित्रात म्हातारी आजी बसलेली आहे. हातात सुरी आणि सोललेल्या सापाचे कातडे.

समीक्षेत पहिल्या चित्राचा गवगवा सर्वांत जास्त झाला. धावणारी, मुक्त, आधुनिक स्त्री. मीही वर्गात तेच चित्र आधी दाखवले आणि त्यावरच जास्त बोलले. पण तिन्ही चित्रे शेजारी ठेवली की अर्थ बदलतो. मुलगी जी ओढणी वाऱ्यावर उडवत धावते ती आईने शिवलेली आहे. साप तिन्ही चित्रांत आहे, पण आजीने तो कधीच सोलून ठेवला आहे. म्हणजे धैर्य मुलीपासून सुरू झालेले नाही. शहाणपण शिकलेल्या पिढीकडेच असते आणि मागच्या पिढ्या फक्त सोसत आल्या, हा आपला सुशिक्षितांचा समज ही चित्रे शांतपणे मोडून काढतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते दुसरे चित्र. आईच्या चेहऱ्यावर भक्तिभाव नाही आणि बंडही नाही. कामात गढलेल्या बाईचा थकवा आणि सवय तेवढी आहे. वलय मात्र तिच्याभोवती आहे. जी वस्तू पूज्य आहे ती कुणाच्या तरी कमरेच्या दुखण्यातून तयार झाली, एवढेच लोपेझ सांगतात. देवीची विटंबना इथे कुठेच नाही. उलट, देवीचे तेज जिथून येते तिथपर्यंत त्या आपल्याला घेऊन जातात.

तांड्याकडे परत

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे काशीस्थान. जगदंबेचे मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जवळच उमरीला सामकी मातेचे स्थान. रामनवमीच्या यात्रेला अनेक राज्यांतून तांडे येतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाच्या वाद्याचा, नंगाऱ्याचा आकार त्या इमारतीला दिला आहे. ज्या समाजाला इंग्रज सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारांच्या रांगेत बसवले, आणि ज्याची त्या शिक्क्यातून सुटका व्हायला 1952 साल उजाडले, त्या समाजाचा इतिहास अशा भव्य वास्तूत मांडला जावा, ही साधी गोष्ट नाही.

लोपेझ यांचे 1978 चेच एक भित्तिपत्रक इथे आठवते. अ‍ॅझ्टेक योद्ध्याच्या वेषातला माणूस बोट रोखून गोऱ्या स्थलांतरितांच्या वंशजांना विचारतो की, बेकायदा घुसखोर नेमका कोण? बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अर्ध्या हिंदुस्थानाला पुरवणाऱ्या लमाणांचा धंदा रेल्वेने आणि सरकारी मिठाच्या धोरणाने बुडवला, आणि मग भटकतात म्हणून त्यांनाच गुन्हेगार ठरवले. बोट रोखण्याचा तोच हक्क तांड्यालाही आहे.

इथपर्यंत संस्कृतीची गोष्ट सरळ आहे. बाहेरच्यांनी हिणवले, आपण अभिमानाने मांडले. माझ्या विद्यार्थिनीचा लघुप्रबंधही इथवर छान चालला होता. तिने यादी केली होती : घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी, डोक्यावरची ओढणी, कवड्या, आरसे, जुनी नाणी, केसांत गुंफायची घुगरी आणि टोपली, हातातली बलिया, कवड्या लावलेली चुंबळ. प्रत्येकाचे वर्णन, प्रत्येकाचे छायाचित्र. वाचून मी 'उत्तम' असा शेरा मारला होता.

चित्रे पाहिल्यानंतर तिने त्या यादीतले प्रश्न बदलले. 'हे काय आहे?' याऐवजी 'हे कुणी केले, कधी केले आणि कुणी अंगातून उतरवायला लावले?' असे विचारत ती आपल्या आजीसमोर बसली.

आजीने पत्र्याची पेटी उघडली. फेटिया निघाला, कांचळी निघाली. बलिया निघाली नाही. नवरा गेल्यावर हातातली बलिया आणि केसांतली घुगरी-टोपली काढावी लागते. आजीची ती त्याच दिवशी गेली. फेटियाही पुढे तिने अंगाला लावला नाही. पोरगी पस्तिशीच्या आतच विधवा झाली होती. तेव्हापासून साधे लुगडे. चालीरीती तांड्यातांड्यांत वेगळ्या असतात, काही ठिकाणी हे आता सुटलेही आहे. पण आजीच्या बाबतीत हे असे घडले होते. नातीने वहीत लिहिलेले वाक्य तिच्या परवानगीने इथे देते : "मी जी संस्कृती जपायला निघाले होते, ती आजीने स्वतःच्या हाताने शिवली आणि नवरा मेला म्हणून तिच्या अंगावरून काढून घेतली गेली. मग ती संस्कृती आजीची होती की आजोबांची?"

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, जी इतकी उघड आहे की आपल्याला दिसत नाही. तांड्यातल्या पुरुषांनी पागोटे-धोतर सोडून शर्ट-पँट घातली त्याला दोन पिढ्या झाल्या. तेव्हा संस्कृती बुडाली असे कुणी म्हटले नाही. बाईने फेटिया सोडून साडी नेसली आणि मुलीने पंजाबी ड्रेस घातला, तेव्हा मात्र हळहळ सुरू झाली. आता हा पेहराव तीजेला, लग्नात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि पुढाऱ्यांच्या स्वागताला बाहेर निघतो. त्या वेळी तो बाईच्याच अंगावर असतो. संस्कृती सांभाळायची जबाबदारी बाईच्या अंगावर टाकली जाते ती अशी, अक्षरशः.

हे केवळ बंजारा समाजाचे नाही. कोणत्याही समाजाचे कुंकू, मंगळसूत्र, पदर, बुरखा घ्या, हिशेब थोड्याफार फरकाने तोच निघेल. मी स्वतः ज्या घरातून आले तिथेही तो तसाच आहे. बाहेरून पाहणाऱ्या मला तो तांड्यात आधी दिसला, हा माझ्या नजरेचा दोष.

उरलेल्या चिंध्या आणि 'कला' हा शब्द

चिकानो समीक्षेत 'रास्क्वाचिस्मो' अशी एक संकल्पना आहे. तोमास इबार्रा-फ्राउस्तो यांनी ती 1980 च्या दशकाच्या अखेरीस मांडली. मूळ शब्द हलका : गबाळे, गावंढळ, जोडतोड केलेले. इबार्रा-फ्राउस्तो म्हणतात की, हीच गरिबाची सौंदर्यदृष्टी आहे. हाताशी जे उरले त्यातून, लाज न बाळगता, भडक रंगात, भरगच्च असे काही उभे करणे. अमालिया मेसा-बेन्स या कलावंत-समीक्षिकेने त्यात बायकांच्या बाजूची भर घातली आणि तिला 'दोमेस्तिकाना' असे नाव दिले. घरातला देव्हारा, पलंगपोस, फोटोंची मांडणी, कागदी फुले, हे सारे घरात अडकलेल्या बाईचे निर्माण आहे. त्यात घराचा आसरा आहे आणि घराचा कोंडवाडाही. दोन्ही एकदम आहेत, म्हणून ते नुसते गोंडस नाही.

मेसा-बेन्स यांची 1984 ची, हॉलिवूडमध्ये गेलेल्या मेक्सिकन अभिनेत्री डोलोरेस देल रिओ हिच्या स्मरणार्थ मांडलेली रचना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कापड, आरसे, फोटो, वाळलेली फुले, चमकी अशी ती मांडणी आहे. एखाद्या आजीच्या देव्हाऱ्यासारखी. फरक एवढाच की, तिथे ती 'कला' म्हणून ठेवली आहे आणि खाली कर्तीचे नाव आहे.

आता फेटिया पाहा. जाड्याभरड्या लाल कापडावर वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांचे ठिगळकाम, त्यावर दोऱ्याचे धागे मोजून घातलेले टाके, मध्ये आरसे, कडेला कवड्या, मिळाली तर चांदीची नाणी. वाटेवरच्या समाजाने वाटेत जे मिळाले ते जोडले. कवडी समुद्राची, नाणे कुठल्या तरी बाजाराचे, तुकडा जुन्या कपड्याचा. रास्क्वाचिस्मोचे याहून चांगले उदाहरण मी शोधून दाखवू शकणार नाही. पण त्याला आपण 'हस्तकला' म्हणतो, 'लोककला' म्हणतो. 'लोक' म्हटले की करणारीचे नाव विचारायची गरज उरत नाही.

ही सवय जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून निघतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवून घेतले. हे आपल्याला माहीत आहे, कारण तसा शिलालेख तिथे आहे. दात्याचे नाव दीड हजार वर्षे टिकले. ज्यांनी भिंतींवर ती चित्रे काढली त्यांची नावे नाहीत. अजिंठ्याचा अभिमान बाळगताना आपल्याला ही उणीव टोचत नाही, मग फेटियाची काय टोचणार?

याच भरतकामाला कर्नाटकातल्या संडूर इथे नीट संघटित रूप मिळाले आहे. 'संडूर लंबाणी भरतकाम' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन आहे. जुलै 2023 मध्ये जी-20 बैठकीच्या वेळी हंपीत या कामाच्या 1,755 वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रम नोंदवला गेला. त्यामागे साडेचारशेहून अधिक बायकांचे हात होते. या कामातून त्यांच्या घरात पैसा येतो, ही मोठीच गोष्ट. तिला नाक मुरडण्याचा अधिकार पगारी प्राध्यापिकेला नाही. तरीही पाहण्यासारखे हे की, मोजल्या गेल्या त्या वस्तू. बायकांचा आकडा कळतो, त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत.

साम्य कुठे संपते

तुलना करताना एक धोका असतो. दोन गोष्टी सारख्या दिसू लागल्या की आपण तिसरीही ओढूनताणून सारखी करतो. चिकाना कलावंतांपैकी अनेकजणी विद्यापीठांत शिकल्या. त्यांच्यामागे एक चळवळ होती, छापखाने होते, भिंती होत्या. ज्युडी बाका यांनी 1976 पासून लॉस एंजेलिसमध्ये एका कालव्याच्या भिंतीवर शेकडो तरुणांना हाताशी धरून जवळपास अर्धा मैल लांबीचा इतिहास रंगवला. आमच्या मुलीकडे एक पत्र्याची पेटी आणि मोबाईलचा कॅमेरा होता.

शिवाय देवतेला हात लावण्याची किंमत चिकानांनाही चुकली नाही. लोपेझ यांची उंच टाचांच्या चपलांत चालणारी ग्वादालुपे 1984 मध्ये मेक्सिकोतल्या 'फेम' या स्त्रीवादी मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, तेव्हा मासिकाला बॉम्बच्या धमक्या आल्या. आल्मा लोपेझ यांनी संगणकावर केलेली, फुलांनी अंग झाकलेली ग्वादालुपे 2001 मध्ये सांता फे येथील संग्रहालयात लागली, तेव्हा तिथल्या आर्चबिशपांपासून सामान्य भाविकांपर्यंत अनेकांनी ती काढण्याची मागणी केली. चित्र काढले गेले नाही, पण प्रदर्शन ठरल्यापेक्षा लवकर आवरले. हा वाद केवळ कर्मठ विरुद्ध पुरोगामी असा नव्हता. निदर्शने करणाऱ्यांत गरीब, कष्टकरी चिकाना आजीबाईही होत्या. अपमानित समाजाला हाताशी उरलेली एक पवित्र गोष्ट कुणी बदलावी, याचा त्रास त्यांना खराच होता. समीक्षेने त्यांना मागासलेल्या ठरवून मोकळे होऊ नये.

मी उत्साहाच्या भरात विद्यार्थिनीला सुचवले होते की, लोपेझसारखे एखादे चित्र तूही करून पाहा. जगदंबेची प्रतिमा घे आणि तिच्या जागी स्वतःला ठेव. तिने मान हलवली. "नको मॅडम. देवीला मला बूट घालायचे नाहीत. पोहरादेवीला माझी याडी अनवाणी चालत जाते. तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही."

मला वाटले ती घाबरली. नंतर उमगले की, चिकाना कलेचा धडा माझ्यापेक्षा ती नीट शिकली होती. त्या चित्रांचा अर्थ 'आपल्या देवीला आधुनिक करा' असा नाही. आपल्या संस्कृतीतली कोणती गोष्ट ठेवायची, कोणती बदलायची आणि कोणत्या गोष्टीशी भांडायचे, हे ठरवण्याचा हक्क तिच्यात राहणाऱ्या बाईचा आहे, असा आहे. योलांडा लोपेझ यांनी बूट घालायचे ठरवले. या मुलीने ठरवले की देवी तशीच राहील, पण पेटीतली बलिया मात्र तशी जाऊ द्यायची नाही. दोन्ही निर्णय आतूनच आले. बाहेरच्याने, मग तो पुढारी असो, संग्रहालय असो की माझ्यासारखी अमेरिकन साहित्य शिकवणारी बाई, हे निर्णय परस्पर घेऊ नयेत.

लघुप्रबंधाचे काय झाले

शीर्षकातला 'जतन' हा शब्द तिने काढून टाकला. मांडणी पूर्ण बदलली. वस्तूंच्या प्रकारानुसार केलेली यादी आता शिवणाऱ्या बायकांनुसार आहे. तांड्यातल्या अकरा बायका, प्रत्येकीचे प्रकरण वेगळे. कापड कुठून आणले, टाका कुणाकडून शिकली, शिवताना शेतातल्या कामाचे काय केले, दिवे लागणीनंतर किती वेळ मिळे, डोळे कधी अधू झाले, काय विकावे लागले, नवरा गेल्यावर काय काढावे लागले, काय लपवून ठेवले. बोलणे गोरबोलीतच ठेवले आहे, खाली मराठी आहे. ग्लोरिया अंझाल्दुआ यांनी 1987 च्या 'बॉर्डरलँड्स' या पुस्तकात इंग्रजी आणि स्पॅनिश एकमेकींत मिसळून लिहिले आणि सगळीकडे भाषांतर दिले नाही. तो दाखला देऊन आम्ही दोन भाषांची परवानगी मागितली. खळखळ झाली, पण मिळाली.

प्रबंधात कच्चेपणा आहे. काही ठिकाणी ती चिकाना संज्ञा गरज नसताना वापरते. तिला हटकले तर म्हणाली, "या शब्दांमुळेच मला आजीची पेटी दिसली, लगेच कसे सोडू?" मी ते तसेच राहू दिले. शिकणाऱ्याला काही काळ उसन्या काठीचा आधार लागतोच.

पण मला या सगळ्यातून मिळाले ते असे. संस्कृती म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू असे मी शिकवत आले होते. ती जपायची, धूळ झटकायची, माहितीपट्टी लावायची. लिंगभाव हा त्यानंतरच्या प्रकरणाचा, वेगळ्या तासाचा विषय. आता ही दोन प्रकरणे मला वेगळी शिकवता येत नाहीत. फेटियाच्या एका टाक्यात बाईचे कसब आहे, समाजाची वाट आहे, आणि तो टाका कुणी कधी घालायचा, कधी उतरवायचा हा हुकूमही आहे. यातले एक सांगून दुसरे गाळले की पहिलेही खोटे होते.

प्रबंधाची प्रत बांधून झाल्यावर ती आजीला दाखवायला घेऊन गेली. आजीला वाचता येत नाही, म्हणून नात छायाचित्र दाखवून खालची ओळ वाचून सांगत होती. एका फेटियाच्या फोटोखाली आजीचे नाव होते. आजीने बोटाने कडेची पट्टी दाखवली आणि म्हणाली, ही माझी नाही. ही माझ्या नणंदेने भरली, माझ्या लग्नाच्या वेळी, पावसाळ्यात. तिचेही नाव घाल.

बांधलेली प्रत तिने परत आणली. त्या पानावर आता निळ्या शाईने हाताने लिहिलेले दुसरे नाव आहे. बहिःस्थ परीक्षकांनी ती खाडाखोड समजून त्यावर प्रश्नचिन्ह केले. मला विचाराल तर सबंध प्रबंधातली सर्वांत पक्की नोंद तीच आहे.